बिनजोड डोकं

डोकं दारातून बाहेर जात नाही, हे कार्पिंगच्या लक्षात आलं तेव्हा मनिलाहून आलेला ट्रक दाराशी हॉर्न वाजवत उभा होता.

हे डोकं कार्पिंगचं स्वतःचं नव्हे. तेही अलीकडे बरंच फुगलं होतं, पण दारातून अजून जात होतं. हे डोकं कागदाचं होतं. आंगोनो गावात सणाच्या मिरवणुकीसाठी हिगांते करतात, म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीचे कागदी बाहुले. त्याची रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. मातीच्या साच्यावर खळीने वर्तमानपत्रं चिकटवायची, वाळली की सुरीने उभी चीर द्यायची, नारळाच्या भकलांसारखे दोन तुकडे साच्यावरून काढायचे आणि पुन्हा जोडून रंग द्यायचा. कार्पिंगचा बाप हेच करत आला. केस पिकेपर्यंत कार्पिंगनेही हेच केलं.

मग मनिलातल्या एका कलादालनाच्या मिस लेदेस्मा मिरवणूक बघायला आल्या आणि त्याला ‘समकालीन’ म्हणून गेल्या. तेव्हापासून त्या घरातलं सुख गेलं. समकालीन माणूस बापाच्या साच्याला हात कसा लावणार? त्याने बांबूचा सांगाडा बांधून त्यावर थेट कागद चढवला. चीर नाही, जोड नाही. तोंड आ वासलेलं, आणि आत दिवा लावायला मागच्या बाजूने माणूस शिरेल एवढं भोक. ही विद्या कोणी चोरू नये म्हणून सगळं काम अंगणात न करता बैठकीच्या खोलीत, खिडक्या बंद करून झालं. चोरायला कोणी फिरकलं नाही, हा गावाचा अरसिकपणा. मनिलाच्या निमंत्रणपत्रिकेवर मात्र शिल्पाचं नाव झोकात छापून आलं: ‘बिनजोड’.

“दार मोजलं होतंस?” मेदिंगने विचारलं. ती त्याची बायको. दारात टेबल टाकून खाण्याचं दुकान चालवायची. साखरेत तळून काडीला टोचलेली तिची केळी खायला तळ्याकाठचे कोळीसुद्धा वाट वाकडी करून येत.

“कलावंत दारं मोजत नसतो.”

“मग आता दाराने तुझं माप काढलं.”

तेवढ्यात मेदिंगचा थोरला भाऊ तेबान आला. तोही हिगांते करायचा, पण त्याला कोणी समकालीन म्हटलं नसल्यामुळे त्याचं डोकं ठिकाणावर होतं.

“एवढं काय त्यात? सुरी आण. दोन भकलं करू, ट्रकमध्ये टाकू, तिकडे जाऊन जोड.”

“चिरायचं?” कार्पिंग डोक्यापुढे आडवा झाला. “मेव्हण्या, माझ्या गळ्यावर फिरव सुरी! पत्रिकेत काय छापलंय ते वाचलंस का?”

“बरं, मग भिंत पाड.”

“त्या भिंतीवर छप्पर आहे,” मेदिंग म्हणाली, “आणि छपराखाली मी.”

शेवटी चौकट काढायचं ठरलं. चौकट निघाली. डोक्याला दोरी बांधून कार्पिंग, तेबान आणि ट्रकवाला बाहेरून ओढू लागले. मेदिंग आतून ढकलू लागली. नाक बाहेर आलं. गाल आले. कार्पिंग “संभाळून! संभाळून!” असं ओरडत सगळ्यांत जोरात ओढत होता. कानापाशी काहीतरी ‘करर्’ वाजलं आणि डोकं बसलं. असं बसलं, की ना पुढे ना मागे. बुचासारखं घट्ट.

ट्रकवाल्याने सिगारेट पेटवली, डोक्याला एक प्रदक्षिणा घालायला गेला, अर्ध्यावर भिंत लागली म्हणून परत आला आणि रिकामा ट्रक घेऊन मनिलाला निघून गेला.

आता बाहेर नवरा, आत बायको आणि मध्ये कला, अशी त्या संसाराची मांडणी झाली. मागचं दार होतं, पण ते शेजाऱ्याच्या डुकरांच्या खुराड्यात उघडायचं. मेदिंगला त्या वाटेने जाता आलं असतं, गिऱ्हाइकाला येता आलं नसतं. आणि दुपार कलायला लागली होती. बाहेर माणसं जमू लागली.

“मेदिंगबाई, आज केळी नाहीत का?”

आतून कढईचा चर्र आवाज आला. थोड्या वेळाने मागच्या भोकातून मेदिंग डोक्यात शिरली आणि त्या आ वासलेल्या तोंडातून तिचा हात बाहेर आला. हातात काडी, काडीवर गरम केळी.

“घे. आणि तेबानदादा, हस मेल्या, हस. तुला नाही देणार.”

संध्याकाळपर्यंत सगळा गाव लोटला. पोरं दोनदोनदा आली. एकाने तोंडात हात घालून दाखवायची पैज लावली, तेव्हा आतून त्याच्या बोटांवर झारा बसला. कार्पिंग बाजूला कट्ट्यावर डोकं धरून बसला होता. सगळा जन्म मिरवणुकीत नाचवायचे बाहुले केल्यावर, एकदाच, उजेडात भिंतीशी उभं राहील आणि लोक गप्प होऊन बघतील असं काहीतरी त्याला करायचं होतं. लोक बघत होते. पण तोंडं चालू होती.

दुसऱ्या दिवशी मिस लेदेस्मांची गाडी आली. प्रदर्शन तोंडावर आलेलं आणि शिल्प असं दारात, त्यामुळे त्या चांगल्याच तापल्या होत्या. गाडीतून उतरल्या आणि जागीच थबकल्या. त्या अजस्र तोंडातून एक तेलकट हात आला, एका म्हातारबुवांना केळं देऊन परत आत गेला.

मिस लेदेस्मांनी गॉगल काढला. डोळे पाणावले होते. काही धूर, काही कला.

“हे तुम्ही... मुद्दाम?”

‘नाही’ हा शब्द कार्पिंगच्या ओठांवर आला होता. पण समकालीन माणूस तो गिळायला शिकलेला असतो.

“मुद्दामच, मॅडम,” तो म्हणाला. “घर म्हणजे शरीर. दार म्हणजे... म्हणजे दारच.”

“थांबा, थांबा! मला लिहून घेऊ द्या!” मॅडम भारावल्या. “ज्या तोंडाने खायचं, ते तोंड भरवतंय! हे इथून हलता कामा नये. प्रदर्शन इथेच होणार.”

“मॅडम,” तोंडातून आवाज आला, “तुम्हाला दोन काड्या देऊ की तीन?”

उद्घाटनाला मनिलाहून गाड्याच गाड्या आल्या. कार्पिंगने समारंभाचा भरजरी बारोंग सदरा घातला होता. बांबू, खळी आणि बिनजोड आत्मा यांवर त्याने भाषण पाठ केलं होतं. ते सुरू झालं आणि पाहुणे रांगेत उभे राहिले. तोंडापुढच्या रांगेत. गंभीर चेहऱ्याची माणसं डोळे मिटून केळी चावत होती आणि एकमेकांना ‘कुरकुरीतपणातली व्यथा’ समजावून देत होती. एका समीक्षकाने तर व्यथा तीनदा घेतली.

भाषण आत्म्यापर्यंत पोहोचलं तोच मिस लेदेस्मांनी माईक हळूच त्याच्या हातातून काढून घेतला आणि तोंडापाशी धरला.

“आता कलावंताचे दोन शब्द!”

“कोणाचे?” आतून मेदिंग म्हणाली. “माझे? अगं बाई. खाली काड्या टाकू नका, कोंबड्यांच्या घशात जातात.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंतीवरच्या पाटीवर दुसऱ्या दिवशी मेदिंगचं पूर्ण नाव आलं, रेमेदिओस, ठळक अक्षरांत. त्याखाली साहित्य: ‘कागद, बांबू, केळी’. त्याच्याही खाली, नीट वाकून पाहिलं तर, ‘साहाय्य: पती’.

“मी काही सांगितलं नाही रे त्यांना,” मेदिंग रात्रीच्या जेवणाला म्हणाली. ती खरंच ओशाळली होती. “सांग, पाटी बदलायला लावू का?”

“राहू दे,” कार्पिंग म्हणाला. आणि माशाचा काटा उगाचच बराच वेळ काढत बसला.

पुढे मनिलाच्या कलादालनाने मेदिंगचं एकटीचं प्रदर्शन ठेवलं. डोकं काही नेता येणार नव्हतं. मिस लेदेस्मांनी प्लायवूडच्या फळीला एक भोक पाडून घेतलं आणि तेवढ्याने भागतं म्हणाल्या. मेदिंग कढई, झारा आणि चांगला झगा घेऊन त्याच ट्रकने गेली.

पण आंगोनोला माणसं येतच राहिली. मूळ तोंड म्हणे इथलंच. आलेल्याला विन्मुख कसं पाठवायचं? कार्पिंग जुनी कढई आणि झारा काढून डोक्याच्या मागच्या भोकापाशी केळी तळायला बसला.

एका दुपारी मनिलाच्या कला महाविद्यालयातली एक मुलगी आली. केळं घेतलं, एक घास खाल्ला, आणि वाकून तोंडात डोकावली.

“दादा, हे तुम्ही स्वतः केलंत?”

कार्पिंगचा झारा थांबला. इतके दिवस हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

“मीच. एकट्याने,” तो म्हणाला. “आधी बांबू भिजवला. मग कागदाचे थर, एकावर एक. प्रत्येक थर वाळेपर्यंत पंखा धरून बसायचो. कुठे चीर नाही बघ, कुठे जोड नाही. हात फिरव, हात फिरव गालावरून...”

मुलीने भिडेखातर गालावरून हात फिरवला. सगळं ऐकून घेतलं.

“नाही, म्हणजे मी केळ्यांबद्दल विचारत होते,” ती म्हणाली. “साखर करपलीय.”