मामासाहेबांच्या दाढेवरील मोहीम, डेस्कटॉपमार्गे

सकल दंतधारी जनांस दंडवत. डॉक्टरीणबाई सरकार यांणी आपले दवाखान्यातील संगणकावर आडवाटेचा फोल्डर कैसा काबीज केला, ही हकीकत लिहिण्याची आज्ञा कोणीही केली नाही. तथापि पुढे लोक तिखटमीठ लावोन सांगतील, म्हणोन जे घडले ते यथास्थित लिहितो.

सरकारांचे सख्खे मामा, राजश्री मामासाहेब, यांची उजवीकडील मागली दाढ किडोन फितूर जाहली, आणि गाल सुजोन बुरुजासारखा पुढे आला, आणि खासे केवळ गार दुधावर दिवस कंठू लागले. दाढ काढल्यावाचून इलाज नव्हता. परंतु एक्स-रे समोर उघडल्याखेरीज सरकार पक्कड हाती धरीत नसत, आणि एक्स-रे तर ‘कामाचे’ नामक फोल्डरात, त्याचे पोटी ‘नवे’, त्याचे पोटी ‘जुने’, त्याचे पोटी ‘नवे जुने’, आणि त्याहून खोल ‘हे उघडू नये’ यांत दडोन बसले होते. ही तटबंदी सरकारांनीच, पडद्यावर पसारा नको म्हणोन, हौसेने रचिली होती. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगावे कोणास!

सरकार पाठ फिरवोन मजल दरमजल त्या मुलखात शिरत, आणि इकडे मामासाहेब खुर्चीवरोन अलगद उतरोन पसार होत. ऐसे दोनदा जाहले. दुसरे खेपेस तर गळ्यातील कागदी लाळेरे फडकावीत भर रस्त्याने धावले.

तिसरे खेपेस मामीसाहेब जातीने कुमकेस आल्या. भाचीची त्रेधा पाहोन त्यांणी माऊस हाती घेतला आणि अवघा फोल्डरच मुळासकट ओढोन डेस्कटॉपावर आणिला. मग अनर्थ जाहला. एक्स-रेच्या यंत्रास आपला फोल्डर जागी दिसेना, म्हणोन ते रुसले आणि एकही फोटो दाखवीना. मामासाहेबांचा सुजला गालही हसला. सरकारांनी तातडीने माघारीची कळ दाबोन फोल्डर मूळ ठिकाणी रवाना केला, आणि मामीसाहेबांस कळविले, की घर उचलोन आणू नये, घरास वाट करावी.

मग सरकार पुनश्च खोल उतरले, आणि फोल्डरावर उजवे बटण दाबोन ‘सेंड टू’ ऐसे फर्मान सोडिले, आणि त्यांत ‘डेस्कटॉप, क्रिएट शॉर्टकट’ हा हुकूम निवडिला. तत्क्षणी वाकड्या बाणाची निशाणी मिरवीत चिमुकला शॉर्टकट पडद्यावर प्रगट जाहला. मामासाहेब तोवर खुर्चीखाली पायाने चाचपडत होते.

“चपला माझ्या पिशवीत आहेत,” मामी म्हणाल्या. “अनवाणी जायचं तर खुशाल जा.”

मामासाहेब बसले. एवढा धिप्पाड पुरुष, परंतु मामींचा पदर मुठीत धरोन बसला, ते पाहोन सरकारांस गलबलोन आले. लहानपणी सरकारांचा पहिला हलता दात याच मामांनी कडेवर घेऊन, चिमण्या दाखवीत काढिला होता.

“मामा, आ करा.”

“आधी फोटो तर शोध,” मामा निर्धास्तपणे म्हणाले.

सरकारांनी शॉर्टकटावर दोनदा टिचकी मारिली.

“सापडला. आ करा.”

आणि मामासाहेबांनी, दुसरे काही सुचेना म्हणोन, आ केला.

सुई टोचली, पक्कड चालली, दाढ हस्तगत जाहली. मामासाहेबांनी रस्त्याने भेटेल त्यास ही फत्ते आपल्याच शौर्याची म्हणोन सांगितले. जीभ बधिर असल्याकारणे कोणास काडीचेही समजले नाही. दाढ पडली, शॉर्टकट कायम जाहला, ऐसे दप्तरी नमूद केले असे.