एकसष्ट वेळा म्युरिएल

दूध संघाचं ऑफिस नाताळला कायमचं बंद होणार, हे कळलं त्या संध्याकाळी नरीडा हॉब्सने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि नवऱ्याला सांगून टाकलं, “मी डेटा ॲनालिस्ट होणार.”

केल्विन शेगडीवर चॉप्स उलटत होता. “हो की. पण ते करतात काय?”

“आकडे बघून गोष्टी शोधून काढतात.”

“मग आधी माझी डाव्या पायाची चप्पल शोधून दे. रविवारपासून बेपत्ता आहे.”

नरीडाने दुर्लक्ष केलं. तिचं वय चव्वेचाळीस, आणि त्यातली एकोणीस वर्षं कुठल्या गोठ्यातून किती दूध आलं, फॅट किती लागलं, हे लिहिण्यात गेली होती. मरिनूक गावात आता तिच्याजोगी एकच नोकरी शिल्लक होती, जिल्हा रुग्णालयात, डेटा ॲनालिस्टची. ती नाही मिळाली तर बिऱ्हाड मेलबर्नला हलवावं लागणार होतं. शाळेची बस चालवणाऱ्या केल्विनला मेलबर्नमध्ये दुसऱ्या दिवशी डोकेदुखी आणि तिसऱ्या दिवशी वैराग्य येत असे.

अकरा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स तिने नेटाने पुरा केला. रुग्णालयाची अट मात्र वेगळीच होती. प्रमाणपत्र ठीक आहे, पण खऱ्या आकड्यांवर स्वतः केलेलं एखादं काम मुलाखतीला घेऊन या. कोर्सच्या मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, “आकडे तुमच्या अवतीभवतीच पडलेले असतात. फक्त उचला.”

हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्यांचा गावात एक लॉन बोल्स क्लब होता. नरीडाने त्याची वही उचलली.

क्लबात दर शुक्रवारी मटणाची सोडत असते. तीन ट्रे, त्यात चॉप्स, सॉसेज, एखादा मोठा रोस्ट. दुपारपासून लोक येतात, एक बिअर पितात, तिकीट घेतात आणि सहाच्या आत घरी जेवायला जातात. पावणेसातला सेक्रेटरी नेव्हिल बादलीतून चिठ्ठी काढून नंबर पुकारतो, तीन मोजतो, कुणी हात वर केला नाही तर दुसरी काढतो. जिंकणाऱ्याचं नाव वहीत जातं. ही रीत इतकी जुनी होती, की तिच्याकडे आता कुणी बघतही नसे. वहीत चार वर्षांचे दोनशे शुक्रवार आणि सहाशे विजेते होते.

“घेऊन जा, बाई,” नेव्हिल खूश होऊन म्हणाला. “माझं अक्षर कुणाच्या तरी उपयोगाला येतंय.”

तिसऱ्या दिवशी नरीडाने लॅपटॉपवरची बेरीज पुन्हा पुन्हा करून पाहिली. सगळ्यांच्या नावापुढे चार, सात, फार तर अकरा वेळा. आणि एका नावापुढे एकसष्ट. ते नाव होतं शेजारच्या म्युरिएल ट्रेगिअरचं. म्युरिएल दर आठवड्याला दोनच तिकिटं घेते, आणि एकूण खपतात शंभर. त्या हिशेबाने तिला चार वर्षांत बारा ट्रे मिळायला हवे होते.

“अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई,” नरीडा पुटपुटली, “करते तरी कसं?”

तिला राग नव्हता आला, नुसती उत्सुकता होती. पण गावात उत्सुकतेला लगेच भागीदार मिळतात. कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे तिने नावं झाकून ‘व्यक्ती क्रमांक १७’ असा तक्ता केला आणि आकडे बरोबर आहेत ना, एवढं तपासायला वहीसकट नेव्हिलला दिला. नेव्हिलला तक्त्यातलं काही कळलं नाही, पण रंग आवडले. त्याने तो क्लबच्या फळ्यावर लावला.

शनिवारी सकाळी लोक फळ्यासमोर उभे होते. ठेंगण्या खांबांच्या रांगेत एक खांब गावातल्या पाण्याच्या टाकीसारखा उभा.

“हा सतरा नंबर कोण रे?”

“वही कुठंय? मोजू की.”

आणि मग ज्यांना जन्मात नोकरी बदलायची नव्हती, तेसुद्धा डेटा ॲनालिस्ट झाले. बारच्या काउंटरवर वही पसरली गेली, बिअरच्या पुठ्ठ्यांवर रेघा मारल्या गेल्या, आणि जेवणाच्या आत सतरा नंबरचं बारसं झालं. मग लोक सुतावरून स्वर्गाला निघाले.

“चिठ्ठी बर्फात गार करून टाकत असणार. हाताला बरोबर लागते.”

“नेव्हिल विधुर आहे आणि ती विधवा, विसरू नका.”

“तरीच तो तिच्याशी बोलताना टोपी काढतो!”

बिचारा नेव्हिल टक्कल थंड राहावं म्हणून सगळ्यांसमोरच टोपी काढत असे. पण आता ते कोण ऐकणार? शुक्रवारी सगळ्या सभासदांनी सोडतीला हजर राहून डोळ्यांत तेल घालून बघायचं, असं ठरलं. सोमवारी नरीडाची मुलाखत होती.

“करायला काय गेले आणि झालं काय,” ती घरी येऊन म्हणाली. “म्युरिएलला तोंड कसं दाखवू?”

केल्विनने फ्रीजरमधून पाकीट काढलं, ते उलटंसुलटं करून बघितलं आणि तिच्यासमोर ठेवलं. पाकिटावर बोल्स क्लबचा शिक्का होता.

“शनिवारी म्युरिएल कुंपणावरून अधूनमधून काय देते आपल्याला?”

“चॉप्स. तिचा भाचा खाटीक आहे ना, म्हणून…”

“भाचा दात काढतो, नरीडा. तो डेंटिस्ट आहे.”

नरीडा खुर्चीत बसली. गाव ज्या मालाला आता चोरीचा म्हणत होतं, तो चार वर्षं तिच्या घरात शिजला होता, आणि अर्धा तिच्या पोटात गेला होता. एकोणीस वर्षं आकडे बघणाऱ्या बाईला समोरचं ताट दिसलं नव्हतं. खाल्ल्या मिठाला जागणं तर राहिलंच, तिने मीठ देणारीचाच तक्ता काढून फळ्यावर चढवला होता. तिला मनापासून लाज वाटली.

शुक्रवारी पावणेसातला क्लबात उभं राहायला जागा नव्हती. म्युरिएल नेहमीच्या खिडकीजवळच्या खुर्चीत, जांभळा स्वेटर घालून, दोन तिकिटं हातात धरून बसली होती. तिच्या आजूबाजूला तीनशे डोळे.

“आज काय, कुणी मंत्री येणारेत का?” तिने विचारलं.

नेव्हिलने बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, हात दोन्हीकडून दाखवले आणि चिठ्ठी काढली. “बेचाळीस!”

“इथे!” मागून आवाज आला.

नेव्हिल दचकला. “काय? आहे माणूस?”

“आहे म्हणजे? हा काय!”

“एकोणऐंशी!”

“मी, मी!”

“आज झालंय तरी काय?” नेव्हिल बादलीकडे संशयाने बघू लागला. “पहिल्याच हाकेला ओ येतेय.”

नरीडाने कान टवकारले. ती गर्दीतून पुढे घुसली. “नेव्हिल, एरवी किती हाका माराव्या लागतात तुम्हाला?”

“चार, पाच. कधी आठसुद्धा. पावणेसातला असतं कोण इथे? सगळे जेवायला पळालेले. मी, म्युरिएल, आणि बारवर रेंगाळलेले पाचसात जण, तेही दर आठवड्याला वेगळे.”

“आणि ज्यांचे नंबर निघतात पण माणूस नसतो, ते कुठे लिहिता?”

“ते कशाला लिहू? ते जिंकत नाहीत ना!”

नरीडाने तिथेच मोठ्याने हिशेब मांडला. शंभर तिकिटांतली ऐंशी घरी जेवत असत. उरलेल्या विसांतली दोन म्युरिएलची. बर्फबिर्फ, टोपीबिपी काही नाही. म्युरिएल जिंकत होती, कारण म्युरिएल थांबत होती. तिसरा ट्रेही भलत्याच कुणाला तरी गेला आणि लोक आपापल्या बुटांकडे बघत बाहेर पडले. म्युरिएल मात्र खुशीत होती. “किती दिवसांनी हॉल भरला!” ती जाता जाता म्हणाली.

सोमवारी रुग्णालयातल्या मॅडमसमोर नरीडाने सगळं खरं सांगितलं. आकडे बरोबर होते, आपण चुकलो, वहीत नसलेली माणसं आपण मोजलीच नाहीत. मटण पोटात गेल्याचंही सांगितलं.

मॅडमने पेन खाली ठेवलं. “आमच्याकडे तपासणीची वाट बघून कंटाळून निघून जाणाऱ्यांची नोंदच नसते. कागदावर सगळे समाधानी आहेत.” मग त्यांनी विचारलं, “पण सगळे घरी जातात, तर ती बाई थांबते का?”

“वहीत नाही ते.”

“मग विचारा. आणि मला फोन करा.”

संध्याकाळी नरीडा कुंपणाशी गेली. म्युरिएल वाटाण्याच्या वेलाला काठी लावत होती. नरीडाने आधी माफी मागितली, मग अडखळत विचारलं. मटणासाठी थांबता का?

“मटण?” म्युरिएल हसली. “अगं, माझा हार्वे वारला तेव्हापासून नऊ वर्षं मी मटण खात नाही. म्हणून तर तुम्हाला देते.”

“मग तिकीट कशाला घेता?”

म्युरिएलने वेलाची गाठ नीट बांधली. “तुम्ही सगळे सहाला घरी जाता. हार्वे होता तोवर मीही जायची. आता घरी जाऊन भिंतींशी काय बोलू? आणि हातात तिकीट असलं ना, की माणूस कशाची तरी वाट बघतोय असं दिसतं. नसलं की नुसता बसलाय असं दिसतं.”

नरीडाने कुंपणावरून म्युरिएलचा मातीने माखलेला हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

मग घरात येऊन तिने फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं. “एक तारखेपासून या,” मॅडम म्हणाल्या.

त्या शुक्रवारी हॉब्सांच्या घरी जेवण साडेसातला ठेवलं होतं, तीन ताटांचं, त्यातलं एक बिनमटणाचं. ही कल्पना गावात आणखी बऱ्याच घरांना सुचली असावी, कारण पावणेसातला हॉल पुन्हा गच्च भरला होता. म्युरिएलच्या दोन्ही बाजूंना नरीडा आणि केल्विन. नेव्हिलने चिठ्ठी काढली.

“अठरा!”

“माझा,” म्युरिएल म्हणाली.

लोक हसले, टाळ्या पडल्या. दुसरा ट्रे टपालवाल्याला गेला. नेव्हिलने तिसरी चिठ्ठी उलगडली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

“एकोणीस.”

म्युरिएलने दुसरं तिकीट वर केलं. मग सगळ्या माना सावकाश नरीडाकडे वळल्या. एक तारखेपासून ती पगारी डेटा ॲनालिस्ट होणार होती.

नरीडाने पर्समधून आपली छोटी वही काढली, पेन काढलं, थोडा वेळ विचार केला आणि दोन्ही परत ठेवली.

“बायको काही का म्हणेना,” केल्विन उभा राहत म्हणाला, “यात काहीही गडबड नाही.” आणि शनिवारच्या चॉप्सकडे डोळे लावून त्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.