भालेरावांची घरगुती हत्यारे

एका जंगलात, जिथे सपाट जागा म्हणजे फक्त तळ्याचं पाणी, तिथे भालेराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. अंगावर काटे दाट, आणि स्वभावही तसाच. त्यांच्या बायकोचं नाव साळूबाई.

साळूबाईंचं माहेर डोंगरापलीकडे होतं. मधे खिंड. खिंडीत बिबट्या. मुलांनो, इतक्यात घाबरू नका. घाबरायची वेळ आली की मी सांगेन. हा बिबट्या येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना खाई, पण साळिंदरांच्या वाटेला जात नसे. लहानपणी एकदा गेला होता. तेव्हाचा काटा अजून पावसाळ्यात त्याच्या जबड्यात ठणकत असे.

तेव्हा साळूबाईंना भीती नव्हती. पण पाय आखूड होते. माहेरी पोचेपर्यंत परत निघायची वेळ होई. तिकडे आई थकली होती, डोळ्यांनी अधू झाली होती. म्हणून भालेरावांनी डोंगरात चालवायची सायकल मागवली. ती खोक्यातून आली, सुटी सुटी.

भालेरावांनी सगळं जुळवलं. राहिल्या दोन वाट्या. त्या हँडलच्या खालच्या नळीत, एक वरून आणि एक खालून, घट्ट दाबून बसवायच्या असतात. सरळ बसल्या तर हँडल वळतं. नाही बसल्या तर झाड जिकडे असेल तिकडे सायकल जाते.

जंगलात धनेश पक्ष्याचं सायकलचं दुकान होतं. वाट्या दाबायचं हत्यार त्याच्याकडे होतं.

"आणा इकडे," धनेश म्हणाला. "चहा उकळेपर्यंत बसवून देतो."

भालेराव हसले. "एवढ्याशा कामाला दुकान कशाला? हत्यार मी घरीच करतो."

त्या जंगलात प्रत्येकाकडे एक चपटी, चकचकीत पाटी असे. तिच्यात बघितलं की कोणालाही काहीही येई. भालेरावांनी बघितलं. आटे पाडलेली सळई घ्या, दोन्ही टोकांना वायसर घाला, नट आवळत जा, वाटी गुमान आत जाते. हात्तिच्या!

सळई मिळाली. पण नट आवळायला पाना नव्हता. भालेरावांनी पाना करायला घेतला. पाना करायला भोक पाडणं आलं. भोक पाडायला टोच्या हवा. टोच्या कुठून आणायचा? भालेरावांनी पाठीवरचा एक काटा उपटला. काय देखणा टोच्या झाला म्हणून सांगू!

त्याचा फोटो त्यांनी पाटीवर टाकला. लगेच 'घरगुती हत्यार मंडळ' त्यांच्यावर लट्टू झालं. मंडळात रानडुकरं होती, मुंगसं होती, एक घुबडही होतं. यांतल्या एकाच्याही घरी चालती सायकल नव्हती. हत्यारं मात्र अशी, की बघत राहावं.

मग भालेरावांना चेव चढला. खिळ्याऐवजी काटा. पाचरीला काटा. पान्याच्या मुठीला काट्यांचा जुडगा. काटा उपटताना डोळ्यांत टचकन पाणी येई, पण फोटोत ते दिसत नसे.

"अहो, वाट्या कधी बसणार?" साळूबाई विचारत.

"वाट्या काय, बसतील. आधी हत्यार नीट झालं पाहिजे."

"मग सायकल तरी कशाला मागवलीत?"

"म्हणजे? कोणी विचारलं, हत्यार कशासाठी, तर दाखवायला काही नको?"

असं करता करता खंडेनवमी आली. भालेरावांनी सगळी हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मंडळाने येऊन त्यांना शाल पांघरली. ती पाठीवर कशी झकास बसली! साळिंदराच्या पाठीवर शाल बसलेली त्या जंगलात आजवर कोणी पाहिली नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात डोंगरापलीकडून कावळा निरोप घेऊन आला. आईने अंथरूण धरलंय. लेकीला डोळे भरून बघायचंय.

साळूबाईंना रडूच फुटलं. "अहो, आत्ताच्या आत्ता बसवा त्या वाट्या!"

"आज? अगं, हत्यारं पूजेला लावलीत. आज त्यांना हात लावत नाहीत."

"मग धनेशभावोजींना बोलवा. ते नाही म्हणायचे नाहीत."

"मंडळासमोर? अंगावर शाल असताना?"

साळूबाईंनी कंदांची शिदोरी बांधली आणि पायीच निघाल्या. मला विचाराल तर त्या दिवशी त्या घरात शहाणं असं तेवढंच काय ते घडलं. खिंडीत बिबट्याने त्यांचे काटे पाहिले आणि जबडा चोळत तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर भालेरावांनी वाट्या दाबल्या. खालची सरळ बसली. वरची जराशी तिरकी गेली.

"तिरकी असली तरी घरची आहे!" मंडळ म्हणालं. फोटो निघाले. उकडत होतं म्हणून भालेरावांनी शाल घडी करून ठेवली आणि सासुरवाडीला निघाले.

खिंडीत वाट डावीकडे वळते. हँडल वळलं नाही. सायकल थेट बिबट्याच्या पुढ्यात जाऊन आडवी झाली.

मुलांनो, आता घाबरा.

भालेराव मात्र घाबरले नाहीत. संकट आलं की साळिंदर पाठ फिरवतं आणि काटे फुलवतं. त्यांनीही ऐटीत पाठ फिरवली. फुलवायला होतं नव्हतं ते सगळं फुलवलं.

बिबट्या बराच वेळ बघत राहिला.

"साळिंदर मला फार आवडतं हो," तो अदबीने म्हणाला. "पण काटे काढायचं हत्यार कुठे मिळत नाही. तुम्ही कुठून काढून घेतलेत?"

भालेरावांची छाती फुगली.

"घरीच!" ते म्हणाले.

त्यांची हत्यारं आता मंडळाच्या कपाटात आहेत. दर खंडेनवमीला त्यांची पूजा होते. अजून एकालाही गंज चढलेला नाही.

पलीकडे साळूबाईंची आई लेकीला बघून उठून बसली. आता बरी आहे. रोज विचारते, "जावई कधी येणार गं?"

"येतील," साळूबाई वाटेकडे बघत म्हणतात. "त्यांना सगळं स्वतःच करायचं असतं ना, म्हणून उशीर होतो."

तात्पर्य : आपले काम आपणच करावे. त्याने पुढच्याचा फार त्रास वाचतो.