थेंब उभा शे का?

हिरालालनाना भेटले की रामराम करत नाहीत. खिशातून डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली काढतात आणि तुमच्या सदऱ्यावर पाण्याचा थेंब सोडतात. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर हसतात. जिरला, तर मयताला आल्यासारखे तुमच्याकडे बघतात.

"थेंब उभा ऱ्हायना, ते माणूस उभा ऱ्हास," हे त्यांचं ठरलेलं बोलणं; म्हणजे थेंब उभा राहिला, तर माणूस उभा राहतो.

ब्राह्मणपुरीत त्यांचा आणि माझा बांध एक. त्यांचा धाकटा भाऊ मधू कापसावर फवारताना विष अंगात भिनून गेला. नाना पूर्वी घरचेच कपडे पातळ केलेल्या मेणात बुडवायचे; तेव्हापासून दिसेल त्याचे बुडवतात. एकदा चुकून टॉवेलच बुडवला. पाणी अंगावरून टॉवेलवर, टॉवेलवरून परत अंगावर! एका लग्नात नवरदेवाच्या फेट्यावर थेंब सोडला, तर वरपक्ष पंगतीतून उठायला निघाला. गाव हसतं. मीही हसायचो. पण खरं सांगतो, आजवर कुणाला बोललो नाही: मला त्या थेंबाची भीती वाटायची. पंप पाठीवर घेताना पाठ आधीच ओली वाटायची.

म्हणून यंदा गुपचूप त्यांच्याकडूनच सदरा मेणवून घेतला. पंप भरला. औषध पानावर नीट पसरावं म्हणून वर झाकणभर स्टिकर ओतलं. तेवढ्यात नाना बांधावर.

"उभा शे ना, नाना?" मी छाती पुढे केली. त्यांनी सोडलेला थेंब टुणकन घरंगळला.

नाना हसले नाहीत. त्यांची नजर स्टिकरच्या बाटलीवर होती. "सदरा काढ. आते टाकीमधलं पानी टाक."

पंपाच्या टाकीतला थेंब सदऱ्यावर क्षणभर थांबला, मग पसरला आणि कापडातून आरपार गेला.

"स्टिकरले काय समजस, हाई पान शे का पाठ?" नाना पुटपुटले. "मधूले मी साधं पानी दखाडं व्हतं. सदरा मन्हाच व्हता." मधू गेला तेव्हा त्याच्या अंगात नानांनीच मेणवलेला सदरा होता.

मग त्यांनी घरून जाड प्लास्टिक आणलं, माझ्या पाठीला घट्ट बांधलं आणि फवारणी संपेपर्यंत उन्हात बांधावर बसून राहिले. मी हात धुऊन आल्यावर त्यांनी गाठी सोडल्या, पाठीवर तळहात ठेवला. पाठ चिंब होती. नानांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हात नाकाशी नेला.

"घाम शे," ते म्हणाले. "घाम शे रे भाऊ."

आणि तोच ओला हात परत माझ्या पाठीवर ठेवला. किती तरी वेळ काढलाच नाही.