मागील दारच्या माडाची व केळीची बखर

श्री कुलदेवता प्रसन्न. श्री सूर्यनारायण त्या देशी क्वचित प्रसन्न. शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, कार्तिक मास. आज्ञा जाहली की, मागील दारच्या राज्यात माड व केळ कैसी लाविली, गनिमाने काय केले आणि राजांच्या शब्दाचे पुढे काय जाहले, ते सविस्तर लिहावे. त्यावरून जे ऐकिले व जे खिडकीतून दिसले ते लिहितो. पदरचे घातले असेल तर थोडे, चवीपुरते.

सातासमुद्रांपार उत्तरेस एक मुलूख. तेथे नदी हिवाळाभर दगड होऊन पडते आणि माणूस बोलला तर तोंडातून धूर निघतो. त्या मुलखी श्रीमंत रघुवीरराव तिरोडकर, मूळचे सिंधुदुर्ग प्रांती खाडीकाठचे, चाकरीनिमित्त आले आणि चाकरी सरली तरी राहिले. राज्य केवढे म्हणाल, तर घरामागचे अंगण. पूर्वेस लाकडी कुंपण, त्यापलीकडे वाल्टर नामे वृद्ध टोपीकर. पश्चिमेस गाडी ठेवावयाची शेड. दक्षिणेस खासा वाडा व स्वयंपाकघराची खिडकी, जेथून राणीसाहेब कुमुदबाई सारा कारभार पाहत. आणि उत्तरेस काहीच नाही, म्हणून गनीम तिकडूनच येई. गनीम म्हणजे हिंव. तो दरसाल न चुकता येई आणि मिरचीचे रोप देखील जिवंत सोडीत नसे. ऐशा राज्यात राजांनी दोन झाडे वाढविली. एक माड. देवघरातील कलशावरच्या नारळास आपोआप कोंब फुटला आणि ऐसा नारळ फोडवेना की टाकवेना, म्हणून राणीसाहेबांनी तो कुंडीत ठेविला, आणि राजांनी त्यास राजपुत्र मानून माडोजीराव ऐसे नाव दिले; तो वाढता वाढता पुरुषभर जाहला. दुसरी केळ. ती थंडी सोसणाऱ्या जातीची म्हणून बाजारातून आणिली, आणि उन्हाळ्यात ऐसी माजली की, आई एक व पिले तीन, आणि पाने कुंपणावरून टोपीकराच्या राज्यात डोकावू लागली.

मग त्याच दिवसांत कन्या शाल्मलीबाई, जी दूर दुसऱ्या शहरी नांदत होती, तिने फोनवरून गोड बातमी दिली. राजे हर्षाने वेडे जाहले आणि बोलून बसले, "शाल्मली, बाळाचा उष्टावण माझ्या परसातल्या केळीच्या पानार होतला. बाजारातला पान नाय, आणि कागदाचा तर नायच नाय. ह्यो माझो शब्द." कन्या म्हणाली, "अहो बाबा, तुमच्याकडे कमरेएवढा बर्फ पडतो." राजे म्हणाले, "ता माझ्यार सोड." बोलण्यास हे सोपे होते. परंतु राजांचे उष्टावण, त्यांच्या आईचे, आजीचे, सर्वांचे खाडीकाठच्या ओल्या पानावर जाहले होते, आणि ती ओळ आपल्यापाशी तुटावी हे राजांस सोसवेना. सारा खटाटोप एवढ्याचसाठी होता.

शके १९४४, शुभकृत नाम संवत्सरे. आश्विन लागला आणि गनिमाच्या आघाडीचे वारे सुटले, तेव्हा मसलत बसली. मसलतीस राजे व राणीसाहेब ऐसे दोघेच. राणीसाहेब म्हणाल्या, "माडोजीक तरी घरात घेवा." राजे म्हणाले, "माड घरात ठेवूक तो काय लोणच्याची बरणी हा?" आणि त्याच दिवशी कुंडी फोडून माडोजीरावांस भर अंगणात जमिनीत उतरविले. मग घरातील ऊबदार वस्त्रांची जप्ती जाहली आणि पहिल्याच धाडीत राणीसाहेबांची काश्मिरी शाल कैद जाहली. "माझी शाल खंय गेली?" "मोहिमेवर." "आणि माका थंडी वाजली तर?" "तू घरात आसंस. तो भायर आसा." यावर राणीसाहेब काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नसत तेव्हा राज्यास धोका असे, हे राजे विसरले.

कोजागिरीस राणीसाहेबांनी लेकीच्या सुखरूपतेसाठी सत्यनारायण योजिला. वेदमूर्ती आठल्ये भटजी, जे सोमवार ते शुक्रवार संगणकाची चाकरी करीत आणि शनिवारी सोवळे नेसत, ते आले. राजे ऐन वेळी केळीस गुंडाळावयाचे बुडबुड्यांचे प्लास्टिक आणावयास दूरच्या बाजारी स्वारीवर गेले होते. भटजींनी चौरंग मांडिला आणि पुसले, "काकू, केळीचे खांब? नसले तर माझ्याकडे प्लास्टिकचे आहेत. घडी होतात, छान दिसतात." राणीसाहेब म्हणाल्या, "माझ्या चेडवासाठी पूजा, आणि देवाक प्लास्टिकचे खांब? परसात केळी उभ्यो आसताना?" चौरंगास कोपरे चार आणि परसात आई व पिले मिळून केळी चार. राणीसाहेबांनी कोयती उचलण्यापूर्वी क्षणभर विचार केला ऐसे त्या सांगतात. खिडकीतून पाहता तो क्षण दिसला नाही.

मग राजे प्लास्टिकच्या भेंडोळ्या काखेत मारून परतले आणि पाहतात तो केळी चौरंगाच्या चार कोपऱ्यांस उभ्या, पाने डोलत आहेत, मध्ये देव बसला आहे. देवाच्या मखरास नाव ठेवावे तर कैसे? राजे मुकाट सोवळे नेसून पाटावर बसले, आणि साऱ्या कथाभर त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होते. आठल्ये भटजी गहिवरून म्हणाले, "इतकी भक्ती हल्ली पाहायला मिळत नाही हो." प्रसादाचा शिरा केळ घालून केला होता. राजांनी तो खाल्ला नाही.

पाहुणे गेले आणि राजे एवढेच म्हणाले, "माझो शब्द कापलंस तू." राणीसाहेब म्हणाल्या, "माझ्या लेकीपेक्षा तुमचा झाड मोठा?" आणि वाड्यात अबोला पडला. राजे भिंतीस उद्देशून म्हणत, "कोणीतरी चहा दिला तर बरा होईत," आणि राणीसाहेब चहा भिंतीपाशीच ठेवीत. मग राजांनी नवा मनसुबा केला की, केळ पडली तर पडली, माडोजीच्या झावळीची चटई विणू आणि नातवंडाचे ताट तीवर मांडू. म्हणून केळीसाठी आणिलेले प्लास्टिकही माडोजीस, शाल माडोजीस, राजांचा मफलर माडोजीस, वरून दिव्यांची माळ, आणि शेंड्यास राजांची माकडटोपी. दुरून पाहता कोणी थोर माणूस थंडीत उभा आहे ऐसे वाटे. वाल्टर टोपीकर नजरेने अधू, तो रोज सकाळी कुंपणापलीकडून त्यास हात हालवी. एके दिवशी त्याने राणीसाहेबांस पुसलेच, "तुमचे यजमान पहाटेपासून बाहेर उभे असतात, काही व्रत आहे का?" राणीसाहेब म्हणाल्या, "व्रतच म्हणायचं. माझ्याशी बोलायचं नाही, हे व्रत."

मग गनीम आला. कुंपण बुडाले, शेड अर्धी बुडाली, माडोजीची टोपी तेवढी बर्फावर दिसे. मार्गशीर्षात कन्येस कन्या जाहली, नाव रेवा ठेविले, तेव्हा उभयतां फोनला कान लावून एकत्र रडली, आणि अबोला दोन प्रहर तहकूब होऊन पुन्हा लागू जाहला. राणीसाहेबांची एक रीत होती. देवाचे निर्माल्य कचऱ्यात टाकू नये, पायदळी येऊ देऊ नये. गावी विहीर होती, येथे नाही. म्हणून कापलेल्या केळींच्या बुंध्यांवर, जेथे कोणाचा पाय पडत नसे, तेथे रोजची फुले टाकीत. आधी झाडून काढलेला पाचोळाही तेथेच लोटिला होता. त्याचा चांगला कमरेएवढा ढीग जाहला आणि वर बर्फ बसला. राजे खिडकीतून तिकडे पाहत आणि मनात म्हणत, केळीची समाधी.

शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, चैत्र. गनीम हटला. राजांनी माडोजीचा पडदा उघडण्याचा समारंभ केला आणि टोपीकरासही बोलाविले. टोपी काढिली, माळ सोडिली, मफलर सोडिला, शाल सोडिली, प्लास्टिक उकलिले, आणि आत सारे तपकिरी. राजांनी कोंब हलकेच धरिला तो हातात आला. वाल्टरने आपली टोपी काढिली आणि म्हणाला, "मी याला रोज नमस्कार केला हो." राजे तेथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दिलेला शब्द गेला होता, केळही गेली, आणि देवघरातून आपण होऊन आलेले पोर त्यांनी हट्टाने थंडीत उभे करून मारिले होते. राणीसाहेब येऊन शेजारी बसल्या. 'मी सांगत होतंय' हे त्यांच्या जिभेच्या टोकावर आले होते, ते त्यांनी गिळिले आणि म्हणाल्या, "चला, पेज निवता."

मग राजांनी ठरविले की, माडोजीस केळीच्या समाधीशेजारी पुरावे. फावडे घेऊन ढिगाकडे गेले, पाचोळा सारिला, कुजलेली झेंडूची फुले सारिली, आणि फावडे उगारिले तो खाली हिरवे टोक. राजे गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती काढू लागले. एक कोंब, त्यापलीकडे आणखी एक. खांब उभे असते तर गोठून कुजले असते आणि कूज खाली गड्ड्यात उतरली असती. कापले म्हणून गड्डा वाचला, आणि निर्माल्याखाली हिवाळाभर निजून राहिला. राजे ओरडले, "कुमुद! ह्या काय केलंस तू?" राणीसाहेब धावत आल्या आणि पाहून म्हणाल्या, "माका काय ठावक? निर्माल्य टाकूक जागा नव्हती." भिंतीची चाकरी त्या दिवशी सुटली.

ज्येष्ठात उष्टावण ठरले. कोंब वाढला, परंतु पान सुरळीतून सुटेना. राजे रोज खुर्ची टाकून समोर बसत. वैशाख सरता गनिमाने जाता जाता पुन्हा एक थंड वारा सोडिला, तेव्हा राणीसाहेबांनी न सांगता अंगावरची दुसरी शाल काढून कोंबाभोवती गुंडाळिली. कन्या, जावई व नात येऊन पोहोचली तरी सुरळी तैसीच. उष्टावणाच्या दिवशी सकाळी राजे मागील दारी गेले, आणि पान उलगडले होते. पान केवढे? राजांच्या दोन पंजांएवढे. त्यावर मोठ्या माणसाचे जेवण काय, पुरता वरणभातही मावेना. राणीसाहेब कोयती घेऊन आल्या आणि थबकल्या. राजांनी एकवार कोयतीकडे पाहिले, एकवार पानाकडे, आणि म्हणाले, "काप."

मग त्या पानावर चिमूटभर भात, थेंबभर तूप वाढिले आणि रेवाबाईंस आजोबांच्या मांडीवर बसविले. राजांनी चांदीच्या वाटीतून पहिला घास पुढे केला. रेवाबाईंनी घासाकडे पाहिलेही नाही. दोन्ही मुठींनी पान धरिले, टराटर फाडिले आणि तोंडात घातले. कन्या धावली, "बाबा, पान खातेय ती!" राजांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते म्हणाले, "खांवदे. तिचाच हा."

येणेप्रमाणे मागील दारचे वर्तमान. माडोजीराव पडले, त्यांची माकडटोपी वाल्टर टोपीकराने मागून नेली. केळ राहिली, आणि उन्हाळ्यात आई व पिले मिळून पुन्हा चार जाहली. पुढील कोजागिरीस राजांनी स्वहस्ते चार खांब कापून दिले आणि प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला. लेखनसीमा.