भिवरा अस्वलीण आणि समतेची बोरे

एका जंगलात, बाळांनो, भूक राहत असे. आणि ती मोठी शिस्तीची होती. कोणाच्याही घरात ती उगाच शिरत नसे. आधी दाराशी उभी राहून अंगाचा रंग पाही. रंग पांढरा दिसला की नमस्कार करून पुढे जाई. काळा दिसला की आत येई आणि घरच्यासारखी मुक्काम करी.

असे का, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून कोणी विचारीत नसे. फार पूर्वी एका सिंहाने तळ्याकाठच्या साऱ्या बोरी पांढऱ्या अंगाच्या प्राण्यांना वाटून दिल्या होत्या. काळ्यांच्या वाट्याला पलीकडचा खडक आला. पुढे त्या सिंहाचा पणतू गादीवर बसला. तो दयाळू होता. त्याने दवंडी पिटवली, "आजपासून रंगाचा भेद मिटला. सर्व प्राणी समान आहेत. ज्यांच्याकडे जी झाडे आहेत, ती त्यांच्याकडेच राहतील."

काळ्या प्राण्यांनीही टाळ्या वाजवल्या. खडकावर टाळ्यांचा नाद फार छान घुमतो.

त्या जंगलात मोठ्या वडाच्या पारावर देव होता. तो काळ्या पाषाणाचा होता. पांढरे प्राणी पहाटे त्याला दुधाने न्हाऊ घालीत, आणि काळ्यांना पायरीखालूनच दर्शन घ्यायला सांगत. देव स्वतः काळा आहे, ही गोष्ट कोणी त्याच्या लक्षात आणून दिली नव्हती. म्हणून तोही निमूट उभा होता.

खडकावर भिवरा नावाची अस्वलीण राहत असे. तिला एक पिल्लू होते. अस्वलिणीची रीतच अशी, की पिल्लाला पाठीवर घेऊन हिंडावे. पिल्लू वाढू लागले की आईची पाठ दुखते, आणि त्या दुखण्याचे आईला मोठे कौतुक वाटते. भिवराची पाठ अलीकडे दुखत नव्हती. पिल्लू दिवसेंदिवस हलके होत चालले होते.

आता तळ्यावर शुभ्रानंद नावाचे एक बगळेमहाराज होते. एका पायावर उभे राहून त्यांनी जगातील विषमतेचे दीर्घ चिंतन केले होते. चिंतनाच्या ओघात एखादा मासा आपण होऊन चोचीत येई. त्याला त्यांचा इलाज नव्हता. या चिंतनातून त्यांना एक गोष्ट उमगली. खडकावरचे प्राणी उपाशी आहेत खरे; पण आपण का उपाशी आहोत, हे त्यांना नीट समजलेले नाही. तेव्हा कळपाकळपांतून, थव्याथव्यांतून शिबिरे भरवावीत, असे त्यांनी योजले.

भिवराच्या शेजारचा गोंदा कावळा निरोप घेऊन आला.

"भिवराताई, चल. बगळेमहाराज आपल्याला भूक शिकवणार आहेत."

"ती मला येते रे."

"येते गं, पण शास्त्रशुद्ध येत नाही."

"तिथे काही खायला असेल का?"

"बोरे आहेत म्हणे. हंसशेठनी दिली आहेत. ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरताहेत."

भिवराने पिल्लाला पाठीवर घेतले आणि ती निघाली.

शिबिराला गर्दी व्हावी म्हणून शुभ्रानंदांनी ते अगदी सप्ताहासारखे मांडले होते. वडाच्या पारावर वीणा होती, मृदंग होता. प्रारंभी नामाचा गजर झाला. भिवराने डोळे मिटून हात जोडले. मग शुभ्रानंदांनी मान उंचावली.

"सज्जनहो, दुसऱ्याची व्यथा अंगाला लावल्यावाचून कळत नाही. म्हणून आज आपण एक खेळ खेळू. या खेळात पांढरे ते काळे होतील, आणि काळ्यांतील एक जण पांढरा होईल."

एकच का, असे गोंदाने पायरीखालून विचारले.

"श्रीमंत थोडेच असतात," शुभ्रानंद म्हणाले. "खेळ वास्तवाला धरून आहे."

पांढरी होण्याचा मान भिवराला मिळाला. तिला पारावर बसवून तिच्या अंगाला भस्म फासले. समोर हंसशेठ आपल्या गोतावळ्यासह बसले होते. त्यांच्या पंखांना बुक्का लावू लागताच ते जरा मागे सरले.

"बेताने, महाराज. हे निघेल ना?"

"आपले निघेल," शुभ्रानंद म्हणाले.

मग खेळणाऱ्या प्रत्येकापुढे ओंजळभर बोरे ठेवली. पिकलेली, लालबुंद, तळ्याकाठची बोरे. पिल्लाने पाठीवरूनच नाक पुढे काढले.

"थांब," भिवरा पुटपुटली. "अजून खेळ आहे."

"पहिली फेरी आजोबांची!" शुभ्रानंदांनी सांगितले. "सिंहाने झाडे वाटली. काळ्यांनी आपली निम्मी बोरे पांढरीला द्यावीत."

हंसशेठनी व त्यांच्या गोतावळ्याने निम्मी बोरे भिवरापुढे लोटली.

"दुसरी फेरी वडिलांची! झाड नाही म्हणून काळे दुसऱ्याच्या सावलीत बसले. सावलीचे भाडे द्यावे."

उरलेली बोरेही गेली.

"तिसरी फेरी आपली! आता सर्व समान झाले. म्हणून कोणी कोणाला काही परत देऊ नये."

भिवरापुढे रास झाली. हंसशेठपुढे नुसता पार उरला. ते त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आले.

"महाराज, मला कसेसेच होते आहे. पोटात एक पोकळी…"

"हीच ती!" शुभ्रानंद आनंदाने पंख फडफडवून ओरडले. "हीच भूक! शेठना अनुभव आला!"

पांढऱ्यांनी गजर केला. शेठना सावलीत निजवले. कोणी वारा घातला, कोणी केशरी दूध आणले. अनुभवाचा धक्का मोठा असतो.

पिल्लू म्हणाले, "आई, माझ्या पोटात पण तसेच होते. मला दूध देतील का?"

शुभ्रानंदांनी त्याच्याकडे मायेने पाहिले. "तुला सवय आहे, बाळ. धक्का नवख्याला बसतो."

मग ते भिवराकडे वळले. "भिवराबाई, धनवान झाल्यावर कसे वाटते आहे?"

"महाराज, ही रास माझी?"

"या घडीला तुमचीच."

"मग मी तिचे काय करायचे?"

"मनाला येईल ते करा. धनवान तसेच करतात. मी तोवर समारोपाचे चिंतन करतो." असे म्हणून त्यांनी एक पाय पोटाशी घेतला आणि डोळे मिटले.

भिवराला सप्ताह कसा संपतो ते माहीत होते. दरवर्षी पायरीखाली उभी राहून तिने पाहिले होते. वीणा होते, गजर होतो, आणि शेवटी काला होतो. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र येतात. कोणी काय आणले, हे कोणी विचारीत नाही. ज्याने काहीच आणले नाही, त्याच्याही मुखी घास पडतो. पायरीखाली तो काला कधी पोचत नसे, वाटेतच संपे. पण रीत तिला पाठ होती. वीणा झाली, गजर झाला. म्हणजे काला तेवढा राहिला!

ती उठली आणि तिने हाक दिली, "या रे सगळे! काला आहे!"

"पायरीवर येऊ?" गोंदाने विचारले.

"रास पायरीवर आहे, तर खाली उभा राहून कसा खाशील?"

काळे प्राणी पायरी चढले. भिवराने पहिले बोर देवापुढे ठेवले. दुसरे हंसशेठच्या चोचीत घातले. "घ्या शेठ. तुम्हालाही भूक लागली होती ना!" शेठनी सवयीने ते गिळले. मग साऱ्यांनी एकमेकांना भरवले. पिल्लाने इतकी बोरे खाल्ली, की त्याचे पोट मृदंगासारखे ताणले. ते आईच्या पाठीवर चढले आणि झोपी गेले.

भिवराची पाठ दुखू लागली. कितीतरी दिवसांनी.

शुभ्रानंदांनी डोळे उघडले. पारावर नुसत्या आठळ्या होत्या.

"अहो, हे काय केलेत! ती बोरे खायची नव्हती! ती विषमता समजावून सांगायची बोरे होती!"

"समजली की, महाराज," भिवरा म्हणाली. "संपलीसुद्धा."

हंसशेठ तडक उठून बसले. "मी एवढे सोसले, ते या बाईने खाऊन टाकले!"

त्या रात्री खडकावर कोणीही उपाशी निजले नाही. शुभ्रानंदांना याचे फार वाईट वाटले. श्रोत्यांना विषयाचे गांभीर्य मुळीच कळले नाही, असे ते म्हणाले. पांढऱ्यांची सभा भरली आणि ठराव झाला. भिवराने शिबिर पुन्हा करावे, आणि बोरे मातीची असावीत. हंसशेठनी उदार मनाने आपल्या तळ्याची माती दिली. कुंभारीण माशीने बोरे घडवली. ती भाजली, रंगवली. खऱ्या बोरांहून ती अधिक देखणी झाली.

दुसरे शिबिर शिस्तीत पार पडले. भस्म लागले, बुक्का लागला, फेऱ्या झाल्या. भिवरापुढे लालबुंद रास झाली. पिल्लू एव्हाना पुन्हा हलके झाले होते. त्याला मागचा काला आठवत होता. आई नको म्हणायच्या आत त्याने एक बोर तोंडात टाकले आणि जोराने चावले.

कट्‌ असा आवाज झाला. त्याचा दुधाचा दात पारावर पडला.

ते रडले नाही. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिले.

शुभ्रानंदांनी पंखाने त्या दाताकडे खूण केली. "पाहा, सज्जनहो! आज या बाळाला विषय खरोखर समजला!"

मोठा गजर झाला. हंसशेठना केशरी दूध देण्यात आले.

भिवराने तो दात उचलला. ती आपण होऊन पायरी उतरली, आणि खालूनच तिने तो देवापुढे ठेवला. काळा देव निमूट उभा होता. पहाटेचे दूध अजून त्याच्या अंगावरून ओघळत होते.

तात्पर्य : बाळांनो, भुकेल्याला त्याची भूक अवश्य समजावून सांगावी. मात्र त्यासाठी खरे अन्न कधीही वापरू नये. कारण मग भूकच नाहीशी होते, आणि इतक्या परिश्रमाने तयार केलेला विषय वाया जातो.