भाऊजी हवा काढतात

“लॅपटॉप काय नि पंप काय, यंत्र ते यंत्र! आत कुठेतरी हवा अडकलेली असते. ती काढली की झालं!”

एवढं बोलून भाऊजींनी बाह्या सरसावल्या. पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ते सुपरवायझर होते, त्यामुळे जगातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ हवेत आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. मागे बायकोला उचकी लागली तेव्हासुद्धा ते पाना शोधत होते!

समोर मेहुणी रडकुंडीला आली होती. वर्षभर खटपट केल्यावर एका बालवाडीतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मुलाखत ऑनलाइन, दुपारी चार वाजता. सकाळी तिने लिंक उघडून बघितली, सगळं ठीकठाक होतं. आता ऐन वेळी लॅपटॉप चालू केला तर पडदा काळाकुट्ट! आतला पंखा घरघरत होता, कडेचा बारीक दिवा लागत होता, पण पडद्यावर नुसती अमावस्या!

“भाऊजी, मी सरळ मोबाइलवरून लावते ना!”

“छे! मोबाइलवर तू मुंगीएवढी दिसशील. आण तो इकडे, मला बॅटरी म्हणून लागेल.”

मोबाइलचा झोत पाडून भाऊजींनी लॅपटॉप उचलला आणि नारळ वाजवून बघावा तसा कानाशी हलवला.

“हळू हं भाऊजी,” मेहुणी म्हणाली. “दोन्ही हातांनी धरायचं. शाब्बास! आता खाली ठेवा बघू.”

“जिवंत आहे! पासवर्ड टाकून बघ, अंधारात का होईना.”

तिने चाचपडत पासवर्ड टाकला. पडदा ढिम्म.

“यंत्राला दमात घ्यावं लागतं!” म्हणत भाऊजींनी एंटरवर बुक्क्या हाणल्या. मग वरच्या रांगेतल्या सगळ्या कळांवरून, पेटी वाजवावी तशी बोटं फिरवली. तरी काही नाही. मग त्यांनी पडद्याला नाक टेकवून आत पाहिलं, गाल फुगवून फटीफटीत फुंकर मारली आणि शेवटी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

आतून ताई ओरडली, “अहो, तिची नोकरी आहे ती! पंप नाही!”

पण तोवर पहिला स्क्रू निघून भाऊजींच्या ओठांत गेला होता.

“भाऊजी, स्क्रू तोंडात नाही घालायचा,” मेहुणीने तळहात पुढे केला. “थुंका बघू इथे. हां, शहाणे! आता तो स्क्रू-ड्रायव्हर मला द्या. नाही, हट्ट नाही करायचा.”

भाऊजींनी तो मुकाट्याने दिला. घड्याळाकडे बघून मेहुणीचा चेहरा उतरला.

“चार वाजून गेले, भाऊजी.”

“जाऊ देत गं! ही संस्थावाली मंडळी कधी वेळेवर बसतात का? अध्यक्ष असेल ढेरीवर कप टेकवून चहा भुरकत! आणि मुख्याध्यापिका म्हणजे तर काय, सकाळी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड!”

“असं बोलू नये कोणाबद्दल. त्यांना कळलं तर किती वाईट वाटेल!”

एवढं म्हणून तिने शेवटचा उपाय म्हणून टीव्ही लावला, त्याच्यामागची वायर ओढली आणि लॅपटॉपला जोडली. टीव्ही लखकन उजळला.

पडद्यावर एक जाडजूड गृहस्थ होते. ढेरीवर कप होता. शेजारी एक बाई होत्या आणि त्यांचा चेहरा खरोखरच नुकतंच एरंडेल घेतल्यासारखा होता!

“दिसतोय का आम्ही एकदाचे?” बाई म्हणाल्या. “केव्हाच्या हाका मारतोय! तुमचं सगळं ऐकू येत होतं. या गृहस्थांच्या नाकपुड्याही फार जवळून पाहिल्या.”

लॅपटॉप मघापासून नीट चालू होता! पासवर्ड बरोबर पडला होता, एंटरच्या बुक्क्यांनी मुलाखत सुरू झाली होती आणि पेटी वाजवता वाजवता भाऊजींनी लॅपटॉपचा आवाज तेवढा बंद केला होता.

भाऊजी ताडकन पुढे झाले. त्यांनी सोफ्यावरची चादर ओढली आणि टीव्हीवर टाकली.

“भाऊजी,” मेहुणी शांतपणे म्हणाली, “चादर काढा.”

त्यांनी काढली.

“आता सॉरी म्हणा.”

“सॉरी,” भाऊजी चपलांकडे बघत पुटपुटले.

“मोठ्याने. आणि त्यांच्याकडे बघून.”

“सॉरी!”

मुख्याध्यापिकांनी पेनाला टोपण लावलं. “बाई, मुलाखत संपली.”

मेहुणीच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“सोमवारपासून या. आमच्या वर्गात अशी पुष्कळ मुलं आहेत. एकालाही ओरडल्याशिवाय सॉरी म्हणायला लावता येत नाही आम्हाला!”

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. “एक विचारू? हे किती वर्षांचे?”

“मार्चमध्ये पन्नास पूर्ण झाली,” ताईने दारातूनच सांगून टाकलं. मग ती पुढे आली आणि लॅपटॉपवरची सूर्याचं चित्र असलेली एक कळ तिने दाबत नेली. पडदा हळूहळू दिवसासारखा उजळला.

“सकाळी चालू असतानाच मी याच्यावर फडकं मारलं होतं,” ती म्हणाली. “तेव्हा उजेड कमी झाला असणार.”

“मी तेच करणार होतो!” भाऊजी उसळले.

आनंदाने गहिवरलेल्या मेहुणीने पेन घेतलं आणि त्यांच्या मनगटावर एक छानशी चांदणी काढली. “शहाण्यासारखं सॉरी म्हणाल्याबद्दल!”

भाऊजी भयंकर तणतणले. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणाले. पण संध्याकाळी नळाखाली ते फार वेळ खुडबुडत होते म्हणून ताईने डोकावून पाहिलं, तर स्वारी चांदणीवर पाणी पडू नये म्हणून एकच हात धूत होती!